एकतिसावं पान

माईंनी तेच पुस्तक पुन्हा घरी आणलं आणि ताईने सगळं घर कामाला लावलं.

ताई ही माईंची मधली लेक. औषधांचं दुकान चालवते, त्यामुळे घरात कुणाला नुसती शिंक आली तरी शेवटचा शब्द तिचा. तिने आधी थोरल्या भावाला, दादाला फोन केला, मग धाकट्याला, आणि दोघांनाही एकच हुकूम सोडला, "रविवारी दुपारी माईकडे जमायचं. बायकांना घेऊन या. तिला मात्र आधी काही बोलू नका." धाकट्याने ते त्याच संध्याकाळी माईंना सांगून टाकलं. पंचेचाळिशी उलटली तरी त्याला सगळे बाळच म्हणतात, आणि बाळच्या पोटात एखादी गोष्ट टिकली असं कुणाच्या पाहण्यात नाही.

रविवारी सगळे पोचले तेव्हा माईंची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती.

"हे काय?" दादाने विचारलं.

"बॅग आहे," माई म्हणाल्या. "बसा. खुर्च्यांवरची पुस्तकं खाली ठेवा. पण पालथी ठेवाल तर याद राखा."

ताईने दादाकडे पाहिलं, दादाने बाळकडे, आणि बाळने छताकडे. माई रुसल्या, असंच तिघं धरून चालले. बाळच्या बायकोला, म्हणजे धाकट्या सुनेला, मात्र तो रुसवा वाटेना. रुसलेल्या माई तिला चांगल्या ठाऊक होत्या. त्या रुसल्या की भांडी आदळतात. आज घरात चमचासुद्धा वाजत नव्हता, आणि माई हात मांडीवर ठेवून दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारख्या बसल्या होत्या.

धाकटी लायब्ररीत कामाला. पुढच्या काउंटरवर नाही, मागच्या खोलीत. फाटकी, सुटलेली, ओलसर पुस्तकं तिच्या टेबलावर येतात आणि धडधाकट होऊन परत जातात. हात धुतल्याशिवाय ती पुस्तकाला शिवत नाही. पाठ मोडू नये म्हणून पुस्तक अर्धंच उघडते आणि मान वाकडी करून आत डोकावते. मानेला पट्टा लागला तरी सवय काही सुटली नाही. जन्मात तिने पुस्तकात रेघ ओढली नव्हती. स्वतःच्या पुस्तकावर स्वतःचं नाव घालायलाही तिचा हात धजावत नसे. अशी ही बाई लग्न होऊन या घरात आली आणि आठवड्याभरात तिच्या लक्षात आलं, की आपण भलत्याच टोळीत येऊन पडलोय.

इथे ताई कुठलंही पुस्तक आधी शेवटून उघडायची. "कोण मेलं ते एकदा कळलं, की मी निवांत वाचायला मोकळी," असं तिचं म्हणणं. पानात खूण म्हणून गोळ्यांची रिकामी पट्टी. दादा शाळेचा मुख्याध्यापक. त्याच्या प्रत्येक पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर, वर नाव नाही, गाव नाही. बघणाऱ्याला वाटावं काहीतरी गहन चाललंय. आत पहिल्या पानावर मुडदा पडलेला असायचा. बाळचं चष्म्यांचं दुकान. त्याला पुस्तकं विकत घेण्याचं वेड, वाचण्याचं नाही. घरी आणायचं, नाकाशी धरायचं, प्रस्तावना वाचायची आणि "अंदाज आला" म्हणून कपाटात ठेवून द्यायचं. 

आणि माई वाचायला लागल्या की दूध उतू जायचं, भाजी लागायची, पातेली काळी पडायची. घरात पुस्तकाची प्रतवारीच त्यावर होती. "कसं आहे गं हे?" विचारलं की माई म्हणणार, "एका पातेल्याचं आहे." फारच रंगलं तर दोन पातेल्यांचं. अप्पा, म्हणजे माईंचे यजमान, होते तोवर जळका वास आला की स्वयंपाकघराकडे न जाता आधी माईंच्या हातात काय आहे ते बघायचे आणि म्हणायचे, "तुझं झालं की मला दे."

या सगळ्यांत शहाणी एकच, दादाची बायको, थोरली वहिनी. कपडे शिवून देते, आणि एक पुस्तक वाचत नाही. घरात चष्मा नसलेली ती एकटीच. आजही येताना तिने कुणाचासा शर्ट आणला होता आणि खिडकीपाशी बसून बटणं लावायला घेतली होती.

"माई, आपण अगदी शांतपणे बोलू," ताई म्हणाली. म्हणजे आता ताई एकटीच बोलणार.

"बोल की."

"त्या दोन बहिणींची गोष्ट. तू मला उन्हाळ्यात सांगितलीस. एकीचं लग्न मोडतं आणि दुसरी त्याच माणसाशी करते. सांगितलीस ना?"

"असेल सांगितली."

"परवा फोनवर पुन्हा तीच. वर म्हणालीस, नवंकोरं पुस्तक आहे गं, कधी वाचलंच नव्हतं. आणि मधे एकदा बाळला सांगितलीस. तेव्हाही कधी वाचलंच नव्हतंस!"

"मला त्या म्हाताऱ्या खलाशाची गोष्ट दोनदा सांगितली," दादा म्हणाला. "मी म्हटलं, मुद्दाम सांगत असेल."

"आणि ती पातेली!" ताई तरातरा आत गेली आणि काळंकुट्ट बूड वर धरून बाहेर आली. "हे बघा. आणि असंच दुसरं मोरीत भिजत पडलंय. उद्या गॅस उघडा राहिला तर?"

"या घरातली पातेली मी लग्न होऊन आले तेव्हापासून काळीच बघतेय," थोरली दोरा ओवत म्हणाली.

"वहिनी, तू मधे बोलू नकोस."

"बरं बाई."

"मी काय म्हणतो," दादाने घसा साफ केला, "माईने आता एकटं राहू नये. आमच्याकडे यावं. मागची खोली रिकामी करू."

"करू म्हणजे मी करू," थोरली म्हणाली.

"तुझ्याकडे कशाला?" ताई दादाकडे वळली. "माझ्याकडे येऊ दे. आमच्या खालच्याच मजल्यावर डॉक्टर आहेत."

"तुझ्याकडे वाचायला काय आहे? एक कपाट, तेही निम्मं औषधांच्या खोक्यांनी भरलेलं."

"आणि तुझ्याकडे काय आहे रे? सगळे मुडदे!"

"मला तर वाटतं, माई इथेच बरी आहे," बाळ हळूच म्हणाला. ताईने त्याच्यापुढे पातेलं धरलं. त्याने ते पाहिलं. "म्हणजे, गॅसचं तेवढं खरंच आहे म्हणा," तो म्हणाला, आणि धाकटीने त्याला डोळ्यांनी जे सांगायचं ते सांगितलं.

"भांडू नका रे," माई म्हणाल्या. "दादाकडे जाते मी. बॅग भरलीच आहे."

माई कडाडतील, मग समजूत काढावी लागेल, अशी तयारी करून आलेली मंडळी. समोरून होकार आल्यावर काय करायचं ते कुणालाच सुचेना. धाकटीला तर ऐकवेना. लायब्ररी दोन गल्ल्यांवर म्हणून हेच घर घ्यायचं, असं म्हणत या बाईने अप्पांशी वर्षभर वाद घातला होता. आठवड्यातून दोनदा पिशवी खांद्याला लावून त्या चालत जायच्या, परतताना मागच्या खोलीत डोकावायच्या, "काय गं, आज कुणाची हाडं जोडतेयस?" म्हणायच्या. दादाचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथून लायब्ररीला यायचं तर दोन बस बदलायच्या, आणि माईंना एकटीला बसमध्ये कोण बसू देणार?

"माई, आणि लायब्ररी?" तिने विचारलं.

"काय करायचीय आता लायब्ररी?" माई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "काय वाचलंय तेच कळत नाही, तर वाचून उपयोग काय?"

हाडाचा मास्तर तो, परीक्षा घेतल्याशिवाय दादाला निकाल लावता येईना. त्याने टेबलावरची लायब्ररीची पुस्तकं उचलली आणि एकेक करून माईंपुढे धरली. "एकदा खात्री करून घेऊ. हे वाचलंयस?"

माईंनी पुस्तक घेतलं. नाव पाहिलं नाही, मागचा मजकूर पाहिला नाही. अंगठ्याने भराभर पानं सोडली, एका जागी थांबल्या, पुस्तक उजेडाकडे तिरपं करून पानाच्या खालच्या अंगाला निरखून पाहिलं आणि मिटलं. "नाही."

"हे?"

पुन्हा अंगठा, पुन्हा तेच तिरपं धरणं. "नाही."

"माई, ते पहिलं दोन बहिणींचंच होतं गं," ताई म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. मघापासून हातात असलेलं पातेलं तिने खाली ठेवलं.

धाकटी माईंच्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती बघत होती तो अंगठा. दोन्ही वेळा कुठल्या पानावर थांबला ते तिने पाहिलं होतं. एकतीस.

उन्हाळ्याच्या आधी लायब्ररीच्या समितीने ठरवलं होतं, की गोष्टींच्या सगळ्या पुस्तकांना नवी पारदर्शक कव्हरं घालायची. त्याआधी प्रत्येक पुस्तक आतून साफ करायचं. ते काम धाकटीचं. पानं चाळताना तिला पेन्सिलीच्या बारीक खुणा सापडायला लागल्या. कुठे एक गोल, कुठे फुली, कुठे इवलासा मासा. एक खूण एकाच आकड्याच्या पानावर, पुस्तकामागून पुस्तकात. काय एकेक लोक असतात, हातात पेन्सिल आली की झालं, असं म्हणत तिने मऊ खोडरबर घेतलं आणि एकूणएक खुणा पुसून काढल्या. चुरा ब्रशने झटकला. समितीच्या बाई येऊन कौतुक करून गेल्या. घरी येऊन तिने बाळला सांगितलंसुद्धा होतं, की एक ठिपकेवाला आहे, एकतिसाव्या पानाखाली ठिपका देतो, शेजारी बहुतेक वेळा एक तिरकी रेघ असते, आणि असं पुस्तक शोधून सापडत नाही ज्याला याचा हात लागलेला नाही. "एकदा सापडू दे मला तो," असंही म्हणाली होती.

आणि तो इथे समोर बसला होता, हात मांडीवर ठेवून.

बोलावं तर काय होणार ते तिला स्वच्छ दिसत होतं. ताई जन्मभर बोलून दाखवणार. बाळच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला ही गोष्ट चष्म्याबरोबर मिळणार. लायब्ररीत हसं होणार ते वेगळंच. गप्प बसलं तर कुणाला कळायचा प्रश्नच नव्हता. पुसलेलं काय दिसतंय थोडंच! तिने दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे पाहिलं. वरच्या कप्प्याची चेन लागली नव्हती. आत चष्म्याचं घर दिसत होतं, टॉवेल दिसत होता. पुस्तक एकही नव्हतं.

"माई," ती म्हणाली, "तुम्ही एकतिसाव्या पानावर ठिपका शोधताय ना?"

माईंनी पुस्तक चटकन मागे घेतलं. कपाटातलं खाताना पकडलेल्या पोरीसारखं त्यांचं तोंड झालं. "कसला ठिपका?"

"पेन्सिलीचा. तुम्ही देता तो."

"कुणी सांगितलं तुला?" मग हार मानून म्हणाल्या, "देते बाई. वाचून झालं की एक ठिपका. वाचलेलं पुन्हा उचलू नये म्हणून. मला कुठे काय लक्षात राहतं! तुला सांगितलं नाही, कारण तू तिथली. उगाच तुझी पंचाईत."

"ते ठिपके मी पुसले," धाकटी म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं, कव्हरांचं, साफसफाईचं, खोडरबराचं. "ही पुस्तकं तुम्ही वाचलेलीच आहेत माई. तुमचे ठिपके होते यांत. मी माझ्या हाताने काढले."

माईंनी पुस्तक मांडीवर ठेवलं.

"म्हणजे ठिपका होता?"

"होता."

"आणि तो तू काढलास, म्हणून मला वाटलं, की वाचलेलं नाही."

"हो."

"म्हणजे माझं डोकं..."

"तुमचं डोकं जिथल्या तिथे आहे माई. माझ्या खोडरबराने घात केला."

"अगं मेले!" माई म्हणाल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, चष्मा काढून ठेवावा लागला, तरी थांबेना. "अगं, निम्मं पुस्तक झालं की मला वाटायचं, हे कुठेतरी ऐकलंय, ही बाई आता विहिरीशी जाणार. आणि जायची! मग मी एकतीस काढून बघायची, तर काही नाही. पुन्हा बघायची, चष्मा पुसून बघायची. दर पुस्तकाला हेच. वाचलं की नाही याचीच खात्री नाही, म्हणून नवा ठिपकाही देववेना. म्हटलं, झालं, आपलं डोकं गेलं. आता पोरांनी धरून न्यायच्या आधी आपणच बॅग भरावी."

तेव्हा कुठे तिघांना कळलं, की ती बॅग रुसव्याची नव्हती. ताई उठून माईंच्या खुर्चीला चिकटून बसली. दादा चष्मा पुसत राहिला.

पण रडू आवरल्यावर ताईला कुणावर तरी तुटून पडायचंच होतं. "आणि काय गं," ती धाकटीवर घसरली, "इतके महिने तुझ्या डोळ्यांदेखत माई झुरतेय आणि तुला संशयसुद्धा आला नाही?"

"तिचं कामच होतं ते," बाळ म्हणाला. बहिणीपुढे बायकोची बाजू घ्यायची त्याची ही पहिलीच वेळ. घेतल्यावर तो स्वतःच दचकला.

"लायब्ररीच्या पुस्तकात खुणा करणं हेच मुळात चूक," दादा म्हणाला.

"चूक तर चूक," माई म्हणाल्या.

"ते असो. पण माई, मूळ मुद्दा राहतोच. ठिपका असो की नसो, धडधाकट माणसाला आपण काय वाचलं ते आठवायला नको?"

थोरलीने दाताने दोरा तोडला. "अहो, तुम्ही परवा संपवलंत त्यात खून कुणी केला?"

"कशात?"

"ज्याच्यापायी दोनदा आंघोळीचं पाणी गार झालं, त्यात."

"त्यात..." दादा म्हणाला. "माळ्याने."

"माळी त्याच्या आधीच्यात होता. मला जेवताना सांगितलं होतंत."

"आता नाव नाही आठवत. कथानक मात्र सगळं..."

"सांगा."

दादाने दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं.

"ताई, तुम्ही सांगा. तुम्ही तर शेवट आधीच वाचून ठेवता. आत्ता पर्समध्ये आहे त्याचा शेवट काय?"

"थांब हं," म्हणत ताईने पर्स उघडायला घेतली.

"पुस्तक न काढता."

"मला विचारू नकोस वहिनी," बाळ घाईघाईने म्हणाला.

"तुम्हाला कशाला विचारू? तुम्ही प्रस्तावनेतच उतरून जाता." थोरलीने शर्ट झटकला. "त्या दोन बहिणींची गोष्ट मला माईंनी मी नवी नवरी होते तेव्हा सांगितली. नंतरही कितीदा सांगितली. दर वेळी लग्न वेगळ्याच बहिणीशी लागतं. यांना आज नाही, कधीच काही आठवलेलं नाही, आणि त्यांच्या पोटचे तुम्ही तिघं तसलेच. मागची खोली रिकामी करायचीच असेल तर सगळेच या बॅगा भरून. मी एकदाच झाडून घेते."

हसायला सुरुवात माईंनी केली. मग दादालाही राहवलं नाही.

"बाळ," माई म्हणाल्या, "ती बॅग आत नेऊन ठेव."

चहा टाकायला माई उठल्या. मदतीला म्हणून धाकटी मागोमाग आत गेली. बाहेर ताई आणि दादा आता एक होऊन बाळला झाडत होते, की तू माईला आधी सांगितलंसच का. आत माई दुधाच्या पातेल्यापुढे उभ्या होत्या आणि दुधावरची नजर हलवत नव्हत्या. दूध वर आलं तसा त्यांनी वेळेवर गॅस बंद केला. धाकटीला ते काही ठीक वाटलं नाही.

"रेघसुद्धा पुसलीस का गं?" माईंनी विचारलं.

"कुठली? ती ठिपक्याशेजारची?"

"हं."

"पुसली. माई, ती कुणाची होती?"

"ह्यांची." माईंनी कप मांडायला घेतले. "माझं वाचून झालं की हे वाचायचे. मी ठिपका द्यायची, हे शेजारी रेघ द्यायचे. एकतीसच का, तर पहिली पानं सगळे बघतात, शेवटची सगळे बघतात. एकतीसला कोण जातंय! पोरांनाही माहीत नव्हतं हे. आमचं दोघांचं चालायचं."

धाकटीने ट्रे काढून पुढे ठेवला.

"हे गेल्यावर मी लायब्ररीत गेले, तर काही पुस्तकांत नुसताच माझा ठिपका. ह्यांची वाचायची राहून गेलेली. मग ठरवलं, ती घरी आणायची, पुन्हा वाचायची आणि ह्यांची रेघ देऊन टाकायची. राहिलेलं वाचून टाकावं त्यांचं. बरंच झालंही होतं." माईंनी साखरेचा डबा उघडला आणि तसाच बंद केला. "आता त्यांनी कुठलं वाचलं आणि कुठलं राहिलं, कळायला काही मार्ग नाही."

"माई, मला खरंच..."

"माफी मागू नकोस. मला तुझा राग आलाय."

"हो."

"चांगलाच आलाय."

"हो माई."

बाहेर ताईचा आवाज चढला, दादाचा उतरला. माईंनी चहा गाळला, सगळ्यांचे कप भरले, आणि कपाटाला टेकून उभ्या राहिल्या.

"आता असं करायचं," त्या म्हणाल्या. "मी वाचीन, ठिपका देईन. मग ते पुस्तक तुझ्याकडे. तू माझ्यामागून वाचायचं आणि रेघ द्यायची. ती टेबलावरची सगळी, आणि पुढे आणीन ती सगळी. पुसलंस तू, भरायचंस तू."

"मी? लायब्ररीच्या पुस्तकात?"

"तूच."

"माई, मी आजवर एका पुस्तकात साधी..."

"ठाऊक आहे मला. म्हणून तर. चल, तो ट्रे उचल."

पहिलं आलं ते अर्थात दोन बहिणींचंच. धाकटीने सुटीच्या दिवशी हात धुऊन, पुस्तक अर्धं उघडून, मान वाकडी करून वाचायला घेतलं. शिक्षा म्हणून चार पानं वाचू, उरलेली उद्या, असा तिचा बेत होता. संध्याकाळी बाळ दुकानातून आला तो नाक वर करूनच.

"काय गं, काय जळतंय?"

धाकटी ताडकन उठली. पुस्तक तिने खाली ठेवलं होतं, तेही सताड उघडं आणि पालथं. ते आधी उचलावं की गॅस आधी बंद करावा, यात आणखी थोडी करपली भाजी.

"किती पातेल्यांचं आहे?" बाळने विचारलं.

"गप्प बस तू," ती म्हणाली. चारचौघांत ती त्याला अहो म्हणते.

पुस्तक संपल्यावर तिने पेन्सिलीला टोक काढलं, घरात कुणी नसताना दार लावून घेतलं आणि एकतिसावं पान उघडलं. खाली माईंचा ताजा ठिपका होता. मागच्या खोलीत इतकी वर्षं सरळ टाके घालणारा तिचा हात, पण ही एवढीशी रेघ ओढताना थरथरला. अप्पांच्या रेघा तिने शेकड्याने पुसल्या होत्या, त्यामुळे त्या कशा असायच्या ते तिला पाठ होतं. तशीच काढली, डावीकडे झुकलेली. ओढून झाल्यावर तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाजही वाटली.

शुक्रवारी लायब्ररी सुटल्यावर ती पुस्तक घेऊन माईंकडे गेली. माईंनी ते हातात घेतलं, अंगठ्याने पानं सोडली, खिडकीशी नेऊन तिरपं धरलं.

"हुबेहूब ह्यांची काढलीस."

"हो. तशीच असायची ना?"

"तशीच असायची." माई टेबलापाशी आल्या. "तुझ्याकडे ते खोडरबर असेल ना? मऊवालं?"

धाकटीने पिशवीतून काढून दिलं. माईंनी पान बोटांनी ताणून धरलं आणि ती रेघ पुसली. ठिपक्याला धक्का लागू दिला नाही. चुरा फुंकरीने उडवला आणि पेन्सिल तिच्यापुढे धरली.

"उजवीकडे झुकलेली काढ," त्या म्हणाल्या. "त्यांनी वाचलं ते त्यांनी वाचलं. हे तू वाचलंयस. मला बघितल्यावर कळायला हवं."

धाकटीने काढली. या खेपेला हात हलला नाही.

"हं," म्हणत माईंनी पुस्तक मिटलं आणि खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या. "आता सांग, लग्न शेवटी कुठल्या बहिणीशी लागतं?"

"माई, तुम्ही आत्ताच गेल्या आठवड्यात वाचलंत ना?"

"म्हणून काय झालं? सांग तू."

धाकटीने पिशवी बाजूला ठेवली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.